स्वस्त विमानाचे तिकीट वहीत किती स्वस्त पडते?

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावात विमानाचा विषय पूर्वी हज-उमऱ्याला कोणी निघाले की मगच निघत असे. आता तसे राहिलेले नाही. कापडाचा दुकानदार मुंबईच्या मंगलदास मार्केटला, मोबाइल दुरुस्त करणारा तरुण दिल्लीच्या करोल बागेत, फर्निचरचा कारागीर कामाची बोलणी करायला बंगलोरला विमानाने जावे काय, असे विचारू लागला आहे. हातातल्या मोबाइलवर जाहिरात आलेली असते आणि त्यातला आकडा रेल्वेच्या वातानुकूलित डब्याच्या भाड्यापासून फार दूर नसतो. माणसाला मोह होणे साहजिक आहे. परंतु व्यापाऱ्याने जाहिरातीतला आकडा आणि वहीतला आकडा यांत फरक करावा, आणि हा फरक राळेगावहून निघणाऱ्या माणसाला मुंबईकरापेक्षा बराच मोठा पडतो. तो कसा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

विमान स्वस्त होते कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे. भारतात १९५३ च्या कायद्याने विमानसेवा सरकारी झाली होती. नव्वदीच्या सुरुवातीला खासगी कंपन्यांना वाट मिळाली. त्यांत अगदी पहिल्या फळीत होती ती ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स. केरळच्या तकीउद्दीन वाहिद यांनी १९९२ साली ती मुंबईतून सुरू केली. नोव्हेंबर १९९५ मध्ये मुंबईत त्यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. आपल्या तरुण व्यापाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल, म्हणून येथे मुद्दाम लिहिले. ईस्ट-वेस्ट मात्र स्वस्त सेवा नव्हती. स्वस्त विमानाची कल्पना आपल्याकडे आणली ती लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन गोपीनाथ यांनी, २००३ साली, एअर डेक्कन काढून. काही तिकिटे त्यांनी एक रुपयालाही विकली. त्यानंतर २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो अशा कंपन्या आल्या.

या कंपन्यांचे गणित आपल्या किराणा दुकानदाराला लगेच समजेल. एकाच जातीची विमाने ठेवायची, म्हणजे सुटे भाग आणि वैमानिकांचे शिक्षण यांचा खर्च कमी. खुर्च्या दाटीने बसवायच्या. विमान उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायचे, कारण उभे विमान हे बंद दुकानासारखे असते. भाडे चालू आणि गल्ला रिकामा. जेवण, हवी ती खुर्ची, जादा सामान यांचे वेगळे पैसे घ्यायचे. आणि तिकिटाचा भाव एक न ठेवता मागणीप्रमाणे चढवायचा-उतरवायचा. महिनाभर आधी घेणाऱ्याला स्वस्त आणि उद्या निघणाऱ्याला कित्येक पट महाग. यात फसवणूक नाही, धंद्याची रीत आहे. ती ओळखून वागले तर फायदा आपला, न ओळखता गेलो तर त्यांचा.

आता राळेगावचा हिशोब. आपल्याला सोयीचे मोठे विमानतळ नागपूरचे, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. यवतमाळला धावपट्टी आहे, पण तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी अलायन्स एअरचे छोटे विमान सुरू झाले. ते केंद्र सरकारच्या उडान योजनेतले. चौकशी जरूर करावी, पण ते रोजचे समजून बेत आखू नये. म्हणजे व्यवहारात नागपूर. देशांतर्गत प्रवासात सामान घेण्याची खिडकी बहुतेक कंपन्या विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद करतात. तेथे निदान दोन तास आधी पोहोचावे लागते. रस्त्याचे अडीच-तीन तास, वाटेत हिंगणघाटला किंवा बुटीबोरीला लागणारा खोळंबा धरला, तर घरून विमानाच्या वेळेच्या पाच-साडेपाच तास आधी निघणे आले.

येथेच स्वस्त तिकिटाचा पहिला काटा टोचतो. सर्वांत स्वस्त तिकीट बहुधा अडचणीच्या वेळेचे असते, पहाटे सहाचे किंवा रात्री अकराचे. पहाटे सहाच्या विमानाला राळेगावहून रात्री एक वाजता निघावे लागेल, आणि त्या वेळी एसटी कोठली? मग गाडी भाड्याने करा, किंवा आदल्या संध्याकाळी जाऊन नागपूरला मोमिनपुऱ्यात नातेवाइकाकडे मुक्काम करा. तिकिटात वाचलेले सातशे रुपये गाडीवाल्याला तिप्पट करून द्यावे लागतात. रात्री अकराला नागपूरला उतरणाऱ्याचेही तेच.

एक नमुन्याचा हिशोब करून पाहू. समजा मुंबईचे तिकीट जाहिरातीत ३,००० रुपये आहे. बुकिंगचे शुल्क आणि खुर्ची मिळून ५०० रुपये, नागपूर विमानतळापर्यंत एसटी आणि ऑटो मिळून ४००, मुंबईत विमानतळावरून बाजारापर्यंत टॅक्सी केली तर ६००. झाले ४,५०० रुपये, तेही एका बाजूचे. दुसरीकडे वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यात संध्याकाळी बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो आणि वर्ध्यापर्यंतच्या एसटीसह सहा-सातशे रुपयांत काम होते. वेळ कोणाचा वाचला? विमानात बसणे दीड तासाचे असले तरी राळेगाव ते मुंबईच्या बाजारापर्यंत आठ-नऊ तास गेलेच, आणि तेही दिवसाचे, दुकानाच्या वेळेतले. रात्रीची गाडी झोपेचे तास घेते, धंद्याचे घेत नाही. म्हणून मुंबईपुरते आमचे मत स्पष्ट आहे : आरक्षण मिळत असेल तर राळेगावच्या व्यापाऱ्याला रेल्वेच परवडते. हैदराबादचेही तसेच. नागपूर-हैदराबादचा राष्ट्रीय महामार्ग आपल्याच तालुक्यातल्या वडकीवरून जातो. तेथला माणूस विमानासाठी उलटा नागपूरला जाऊ लागला तर त्याला काय म्हणावे!

बंगलोर, कोलकाता, मद्रास यांची गोष्ट वेगळी. तेथे गाडी रात्र तर खातेच, शिवाय दिवसही खाते. जाऊन-येऊन दुकान चार-पाच दिवस बंद राहते. एकट्याच्या हातावर चालणाऱ्या कारागिराचे तर तितक्या दिवसांचे काम जाते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. ज्याची रोजची कमाई हजार-दीड हजाराची आहे, त्याचे दोन दिवस वाचले तर विमानाचे जादा पैसे बरेचसे भरून निघाले. आपला एक दिवस किती रुपयांचा, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे आपल्या वहीत पाहावे. कोणाचा तीनशेचा असतो आणि तो तीन हजारांचा समजून उडतो.

आता सामानाकडे येऊ, कारण व्यापाऱ्याचा खरा प्रश्न तोच आहे. देशातल्या स्वस्त विमानात साधारणपणे विमानाच्या पोटात जाणारे १५ किलो आणि हातात ७ किलोची एकच बॅग, एवढेच तिकिटात बसते. काही सर्वांत स्वस्त तिकिटांत तर पोटातले १५ किलोही नसतात. फक्त हातातल्या बॅगेवर ते विकलेले असते आणि घाईत ही ओळ वाचायची राहते. रेल्वेत स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलोपर्यंत मोफत नेता येते. विमानात जादा वजनाला किलोमागे काही शे रुपये पडतात. पाचशे रुपये किलोने भाडे भरून आणलेला रेडिमेडचा माल राळेगावच्या बाजारात कोणत्या भावाने विकणार?

हा फटका आम्ही स्वतः खाल्लेला आहे. जाताना बॅग रिकामी होती म्हणून वजनाचा विचार केला नाही. परत येताना अस्तराच्या कापडाचे दोन तुकडे, काही नमुने आणि घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तू मिळून काट्यावर २३ किलो भरले. खिडकीवरच्या मुलीने नम्रपणे पावती फाडली, आणि जी रक्कम झाली तेवढ्यात तो सगळा माल ट्रान्सपोर्टने दोनदा आला असता. मागे रांग, पुढे वेळ संपत आलेली. अशा वेळी घासाघीस होत नाही. आपल्या प्रत्येकाच्या दुकानात काटा असतो, पण प्रवासाची बॅग त्यावर ठेवायची कोणाला आठवत नाही. जादा वजन लागणारच असेल तर ते बुकिंग करतानाच घेतलेले स्वस्त पडते, खिडकीवर घेतलेले महाग.

यावरून आम्ही एक रीत धरली आहे आणि ती बंधूंनाही सुचवतो. लांबच्या बाजाराला जाताना विमानाने जावे, कारण जाताना हात रिकामे असतात आणि बाजारात ताजेतवाने पोहोचण्याला किंमत असते. माल पाहून, भाव ठरवून तो ट्रान्सपोर्टला टाकावा, बिल्टी जवळ ठेवावी आणि परत रेल्वेने यावे. परतीच्या तारखेचा भरवसाही व्यापाऱ्याला नसतो. सौदा एका दिवसात होईल की तीन, हे कोण सांगणार? परतीचे स्वस्त तिकीट आधी काढून ठेवले की माणूस घड्याळाकडे पाहत सौदा करतो, आणि समोरच्या व्यापाऱ्याला ते लगेच कळते.

कारागिरांसाठी वेगळे सांगणे आहे. कात्री, आरी, पटाशी, हातोडी, करवत, ड्रिल, स्क्रू-ड्रायव्हर ही हत्यारे हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि परत मिळण्याची आशा धरू नये. ती पोटातल्या बॅगेत, धार गुंडाळून ठेवावीत. म्हणजे हत्यारे घेऊन कामाला निघालेल्या सुताराने किंवा शिंप्याने फक्त हातबॅगेचे तिकीट घेण्यात अर्थ नाही. मोबाइलच्या धंद्यातल्या तरुणांना याच्या उलट नियम आहे : सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक पोटातल्या बॅगेत चालत नाहीत. स्वतःच्या वापरापुरत्या हातात न्याव्यात. विक्रीसाठी डझनावारी बॅटऱ्या मात्र प्रवासी सामान म्हणून नेताच येत नाहीत. त्या मालवाहतुकीनेच मागवाव्यात. लायटर आणि काडेपेटी कोठेच चालत नाही.

खरेदीसाठी मोठी रोकड नेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तपासणीच्या यंत्रात नोटांची थप्पी दिसते आणि विचारणा होते, प्रसंगी आयकर खात्याला कळवले जाते. देशात रोकड नेणे गुन्हा नाही, पण ती कोठून आली हे सांगता आले पाहिजे. बँकेतून काढल्याचा कागद किंवा विक्रीची वही जवळ असावी. त्यापेक्षा रक्कम बँकेमार्फत पाठवावी हे बरे.

तिकीट काढताना नावाकडे सर्वांत अधिक लक्ष द्या. आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंगे म्हणजे एक वेगळेच प्रकरण आहे. आधारवर मोहम्मद पूर्ण, मतदार कार्डावर त्याचे 'मो.', पासपोर्टवर तिसरेच. कोठे शेख आधी तर कोठे शेवटी. बायकांच्या नावात कोठे 'बी' तर कोठे 'परवीन'. तिकिटावरचे नाव आणि दाखवायच्या ओळखपत्रावरचे नाव यांत फरक असेल तर दारावर अडवणूक होते आणि दुरुस्तीचे पैसे पडतात. तिकीट फोनवर नाव सांगून काढू नये. ओळखपत्र एजंटाच्या समोर ठेवावे आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आखाती प्रवासाला हे आणखी महत्त्वाचे. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केला आणि अनेकांचा प्रवास विमानतळावरच संपला.

एजंटाकडून तिकीट काढताना मोबाइल नंबर आपलाच घालायला लावावा. पुष्कळ एजंट सोयीसाठी स्वतःचा नंबर घालतात. विमान रद्द झाल्याचा किंवा वेळ बदलल्याचा निरोप मग त्यांच्याकडे जातो, आणि प्रवाशाने संपर्काचा नीट तपशील दिला नव्हता म्हणून भरपाई नाकारायला कंपनी मोकळी होते.

मोबाइलवर स्वतः तिकीट काढणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी पडदा वरपासून खालपर्यंत वाचावा. विमा, खुर्ची, जेवण, 'लवकर चढण्याची सोय' अशा गोष्टी सुचवलेल्या असतात. नको त्या काढून टाकाव्यात. खुर्ची न निवडता गेले तरी खुर्ची मिळतेच, फक्त मधली मिळते. बोर्डिंग पास खिडकीवर काढून देण्याचे वेगळे पैसे घेता येणार नाहीत, असे सरकारने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलेले आहे. जेवण विकत घेण्याची सक्ती नाही. घरचा कोरडा डबा देशांतर्गत विमानात नेता येतो, त्यामुळे हलाल-हरामची शंकाही राहत नाही. आता अनेक ठिकाणी 'आज उडा, पैसे हप्त्याने द्या' असेही लिहिलेले असते. त्यात व्याज कोठे आणि शुल्क कोठे, हे नीट उलगडून पाहावे. मालाच्या खरेदीला व्याजाचे पैसे घेत नाही म्हणणाऱ्याने प्रवासाला ते घ्यावेत, हे आम्हाला पटत नाही.

जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांनी धंद्याच्या प्रवासाचे तिकीट काढताना आपला जीएसटी क्रमांक टाकावा. साध्या वर्गाच्या तिकिटावरच्या ५ टक्के कराची वजावट त्यामुळे मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती नाही.

आता विमान न उडाल्याची बाजू. स्वस्त कंपनीचे गणित एका विमानाने दिवसभर धावण्यावर उभे असल्याने सकाळी कोठे दोन तास गेले की संध्याकाळपर्यंत तो उशीर साचत जातो. म्हणून दिवसाचे पहिले विमान बहुधा वेळेवर आणि शेवटचे बेभरवशाचे. कंपनीच कोसळली तर काय होते, तेही पाहिलेले आहे. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा आगाऊ तिकीट काढलेल्यांचे पैसे अडकले. आणि डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात चालू कंपनीचेच काय होऊ शकते ते दिसले. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू होत असताना इंडिगोजवळ पुरेसे वैमानिक नव्हते आणि देशभरात हजारो उड्डाणे रद्द झाली. नागपूरहून सुटणारी बहुतेक देशांतर्गत विमाने याच कंपनीची, त्यामुळे आपल्या भागाला दुसरी वाट जवळपास नव्हतीच. उरलेल्या विमानांचे भाडे इतके चढले की सरकारला मर्यादा घालावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किलोमीटरपर्यंत १२,००० रुपये, अशी. लग्न, न्यायालयाची तारीख किंवा टेंडरची शेवटची मुदत असेल तर एक दिवस आधीचे विमान धरावे, हे त्या आठवड्यात अनेकांनी पैसे मोजून शिकून घेतले.

अशा वेळी आपला हक्क काय, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. विमान रद्द झाल्यास दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यांपैकी काय घ्यायचे ते प्रवाशाने ठरवायचे आहे. आधी न कळवता रद्द केले तर त्याशिवाय भरपाई आहे : एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,०००, किंवा मूळ भाडे व इंधन शुल्क मिळून होणारी रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते. धुके, वादळ, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. उशीर दोन तासांवर गेला तर लहान उड्डाणांच्या प्रवाशांना खाणे-पिणे द्यावे लागते; मागावे लागते, आपण होऊन कोणी देईलच असे नाही. आणि स्वतः तिकीट रद्द केले तरी, ते 'परत न मिळणारे' असले तरी, विमानतळाचे शुल्क आणि कर परत मिळतात. ही रक्कम हजाराच्या आसपासही असू शकते आणि कित्येक लोक ती मागतच नाहीत. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा या व्यवस्थेत तक्रार करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

उमऱ्याच्या प्रवाशांबद्दल थोडेसे. स्वस्त पॅकेजमध्ये एजंट नागपूर-मुंबई आणि मुंबई-जेद्दा अशी दोन वेगळी तिकिटे काढून देतात. दोन्ही एकाच बुकिंग क्रमांकावर असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी कंपनीवर येते; क्रमांक वेगळे असतील तर जेद्दाचे विमान गेल्यावर दुसऱ्या कंपनीला त्याचे काही देणेघेणे नसते. तेव्हा पैसे देण्याआधी एवढा एकच प्रश्न एजंटाला विचारावा. तिकिटे वेगळी असतील तर मुंबईला रेल्वेने एक दिवस आधी पोहोचणेच शहाणपणाचे. मुंबईची विमानतळेही आता दोन आहेत. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली, त्यामुळे तिकिटावर कोणते नाव आहे ते पाहून घ्यावे. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडायचे असेल तर मध्ये मुंबईच्या वाहतुकीचे दोन तास धरावे लागतील. आबे जमजमचा डबा येताना वजनात धरतात की वेगळा, हेही कंपनीगणिक बदलते. २०१९ मध्ये एअर इंडियाने जेद्दाहून येणाऱ्या काही विमानांत तो नेण्यास मनाई केली होती आणि ओरड झाल्यावर माफी मागून निर्णय मागे घेतला. परतीच्या तिकिटावर त्याची नोंद आहे काय, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

वृद्ध आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी चाकाच्या खुर्चीची मागणी बुकिंगच्या वेळीच नोंदवावी, विमानतळावर पोहोचल्यावर ती मिळायला वेळ लागतो. नागपूरला वुजू करूनच तपासणीच्या रांगेला लागावे. विमानातली जागा अगदी अरुंद असते आणि दीड तासाच्या उड्डाणात उतरेपर्यंत नमाजची वेळ निघून जाण्याचा संभव असतो, विशेषतः मगरिबची.